मॅरेथॉननंतर चेरीचा रस: दुखणं खरंच कमी होतं का?

जानेवारीतला रविवार. मुंबई मॅरेथॉन संपते, मेडल गळ्यात पडतं, फोटो स्टेटसला लागतात. सोमवारी सकाळी जिना उतरायची वेळ येते तेव्हा कळतं की मांड्या आपल्या राहिलेल्या नाहीत. कठडा धरून, आडवं होत, एकेक पायरी उतरावी लागते. नेमक्या याच वेळी मोबाइलवर एक रील येतं: गडद लाल रसाचा ग्लास, 'नॅचरल रिकव्हरी' अशी अक्षरं आणि खाली डिस्काउंट कोड.

हे रील सरसकट खोटं आहे असं म्हणता येत नाही. आंबट चेरीच्या रसावर खऱ्या धावपटूंवर, खऱ्या शर्यतींत प्रयोग झाले आहेत आणि त्यातल्या काहींत फायदाही दिसला आहे. पण तो फायदा किती, कोणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात, हे तीस सेकंदांत सांगितलं जात नाही. ते इथे पाहू.

आधी, दुखतं ते नेमकं काय?

'लॅक्टिक ॲसिड साचलंय' हे वाक्य प्रत्येक रनिंग ग्रुपवर ऐकू येतं. ते चुकीचं आहे. धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. तासाभरात निघून गेलेली गोष्ट दोन दिवसांनी कशी दुखेल?

खरं कारण स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा. धावताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन पेलत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. ताणलं जात असताना जोर लावणं स्नायूला सगळ्यात महागात पडतं. उतारावर हे आणखी वाढतं. म्हणून घाटातल्या शर्यतीत चढण दम काढते, पण पाय मोडतात ते उतरताना. इजा झालेल्या जागी शरीर दुरुस्तीची यंत्रणा पाठवतं, सूज येते, तिथल्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते आणि मग हात लावला तरी कळ येते. याला 'डॉम्स' म्हणतात, म्हणजे उशिरा येणारी स्नायुदुखी. ती २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि आठवडाभरात आपोआप जाते.

रिकव्हरी म्हणजे एवढंच नाही. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपलेला असतो. पाणी आणि मीठ घामातून गेलेलं असतं. झोप बिघडलेली असते. फळांच्या सप्लिमेंटची जाहिरात यातल्या फक्त सूज आणि दुखण्याबद्दल बोलते. हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं होतं.

चेरी या गोष्टीत आली कुठून?

अमेरिकेत आंबट चेरीचं सर्वात मोठं उत्पादन मिशिगन राज्यात होतं. मॉन्टमोरेन्सी ही तिथली मुख्य जात. ही चेरी ताजी फारशी खाल्ली जात नाही. पाय, जॅम, रस असंच तिचं आयुष्य. तिच्यात अँथोसायनिन नावाची गडद लाल रंगद्रव्यं भरपूर असतात. प्रयोगशाळेत ती सूज वाढवणाऱ्या काही एन्झाइमना आवर घालताना दिसली आणि बाजाराचं लक्ष गेलं. दावे इतके सुटले की २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चेरीची उत्पादनं विकणाऱ्या २९ कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. चेरीने रोग बरे होतात असं लिहिणं म्हणजे ती औषध म्हणून विकणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्याच वर्षी व्हरमाँटमधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ कॉलेजवयीन पुरुषांना आठ दिवस रोज दोनदा सुमारे ३५० मिली चेरीमिश्रित रस किंवा तसंच दिसणारं बनावट पेय दिलं आणि दंडाच्या स्नायूला मुद्दाम इजा होईल असा व्यायाम करून घेतला. बनावट पेयावर असताना त्यांची ताकद पुढच्या चार दिवसांत सरासरी २२ टक्के घटलेली होती, चेरीवर असताना ४ टक्के. हा आकडा तुम्हाला अजूनही जाहिरातीत भेटेल. पण दंड म्हणजे मॅरेथॉन नव्हे.

धावपटूंवरचे दोन प्रयोग २०१० मध्ये आले. पहिला ओरेगनमधल्या 'हूड टू कोस्ट' या रिले शर्यतीत. माउंट हूडच्या डोंगरावरून समुद्रापर्यंत सुमारे ३१५ किलोमीटर संघाने वाटून धावायचं, त्यात उतारही भरपूर. ५४ धावपटूंनी आठवडाभर आधीपासून आणि शर्यतीच्या दिवशी रस किंवा बनावट पेय घेतलं. प्रत्येकजण सरासरी २६.३ किलोमीटर धावला. १०० मिलिमीटरच्या पट्टीवर 'किती दुखतंय' हे विचारलं तेव्हा चेरी गटात वाढ सरासरी १२ मिलिमीटर होती, दुसऱ्या गटात ३७. फरक चांगलाच मोठा.

दुसरा प्रयोग लंडन मॅरेथॉनचा. ग्लिन हॉवॅटसन आणि सहकाऱ्यांनी २० हौशी धावपटू घेतले. पाच दिवस आधी, शर्यतीच्या दिवशी आणि नंतर ४८ तास त्यांनी रस किंवा बनावट पेय घेतलं. चेरी घेतलेल्यांच्या मांडीची ताकद लवकर परत आली आणि रक्तातल्या सुजेच्या काही खुणाही कमी होत्या. पण दुखण्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

इथे जरा थांबा. ओरेगनमध्ये दुखणं कमी झालं. लंडनमध्ये दुखणं तेवढंच राहिलं, ताकद लवकर आली. दोन्ही प्रयोगांचा उल्लेख एकाच जाहिरातीत 'सिद्ध झालंय' म्हणून होतो, पण सिद्ध झालेली गोष्ट दोन्हीकडे वेगळी आहे. पुढे वॉटरपोलो खेळाडूंवरच्या एका प्रयोगात चेरीच्या रसाचा काहीच उपयोग दिसला नाही. पाण्यात पाय आपटत नाहीत, त्यामुळे मुळात स्नायूंना तेवढी इजा होत नाही, हे त्याचं एक पटण्यासारखं कारण. दुरुस्त करायला काही नसेल तर दुरुस्तीचं सामान पडून राहतं.

आकड्यांमागच्या तीन गोष्टी

एक तर हे प्रयोग लहान आहेत. वीस धावपटूंचे दोन गट केले की एका गटात दहा. त्यात दोन जण नीट सराव करून आलेले निघाले तरी सरासरी हलते.

दुसरी गोष्ट पैशांची. चेरीवरच्या बऱ्याच संशोधनाला रस किंवा निधी चेरीच्या उत्पादकांकडून मिळालेला आहे. केळ्यांवरच्या ज्या अमेरिकी प्रयोगाचा उल्लेख पुढे येतो, त्याला 'डोल' या केळी विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता. यावरून संशोधन खोटं ठरत नाही. फळावर प्रयोग करायला दुसरं कोण पैसे देणार, हाही प्रश्न आहेच. पण निकाल वाचताना हे माहीत असावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. यातल्या अनेक प्रयोगांत सहभागींना त्या दिवसांत इतर फळं, भाज्या, चहा, कॉफी, चॉकलेट यांवर मर्यादा घातलेली असते. कारण शास्त्रीय आहे: फरक पडला तर तो चेरीमुळेच पडला हे कळायला हवं. पण याचा अर्थ असा की तुलना 'चेरी विरुद्ध नेहमीचं जेवण' अशी नसते. ती 'चेरी विरुद्ध फळं-भाज्या जवळपास बंद केलेलं जेवण' अशी असते. रोज दोन भाज्या, कोशिंबीर, डाळ आणि एखादं फळ खाणाऱ्या माणसाला तेवढाच फायदा होईल असं गृहीत धरता येत नाही.

अँटिऑक्सिडंट आणि डॉम्स यांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 'कॉक्रेन' या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. ५० प्रयोग, १,०८९ माणसं, त्यात बहुसंख्य पुरुष. निष्कर्ष असा की दुखण्यात थोडी घट होते, पण ती इतकी लहान आहे की माणसाला बहुधा जाणवणारही नाही. त्या आढाव्यात फळांबरोबर व्हिटॅमिनच्या गोळ्याही होत्या, त्यामुळे तो एकट्या चेरीवरचा निकाल नाही. तरी उत्साह आवरायला पुरेसा आहे.

बाकीची फळं

डाळिंबाचं उदाहरण मजेदार आहे. टेक्सासमधल्या एका प्रयोगात डाळिंबाचा रस पिणाऱ्या, वजनं उचलण्याची सवय असलेल्या पुरुषांचा दंड कमी दुखला, पण मांडीला काही फरक पडला नाही. धावणाऱ्याला हवी असते मांडी. सोलापूर-नाशिकचं डाळिंब खायला हे कारण पुरेसं नाही. चव पुरेशी आहे.

ब्लूबेरीवर न्यूझीलंडमध्ये दहा महिलांवर प्रयोग झाला आणि त्यात ताकद जरा लवकर परत आली. कलिंगडात सिट्रुलीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या रसाने दुसऱ्या दिवशीचं दुखणं कमी झाल्याचं मोजक्या जणांवरच्या अभ्यासात दिसलं.

केळ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण ते सप्लिमेंट म्हणून नाही तर इंधन म्हणून तपासलं गेलं. २०१२ च्या त्या अमेरिकी प्रयोगात १४ सायकलपटूंनी ७५ किलोमीटर सायकल चालवली, एकदा केळी आणि पाणी घेत, एकदा साखरेचं स्पोर्ट्स ड्रिंक घेत. वेळेत फरक पडला नाही. म्हणजे डझनभर केळी महागड्या पेयाची जागा घेऊ शकतात, फक्त पोट जरा भरल्यासारखं वाटतं.

आणि कोकम? आपल्याकडच्या पेजवर 'कोकणातली चेरी' असं लिहून कोकमाची पावडर विकली जाते. कोकमाच्या सालीत अँथोसायनिन असतात हे खरं. पण रंगद्रव्य सारखं म्हणून परिणाम सारखा असं होत नाही. लंडनचे निष्कर्ष कोकमाच्या डब्यावर चिकटवणं चूक आहे. कोकम सरबताचा धावणाऱ्याला खरा उपयोग साधा आहे: त्यात पाणी, साखर आणि मीठ तिन्ही असतात, आणि उन्हात ते घशाखाली उतरतं.

नुकसान होऊ शकतं का?

इथे मामला गुंतागुंतीचा होतो. व्यायाम करताना शरीरात फ्री रॅडिकल तयार होतात. ते वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट चांगले, असं सोपं गणित बरीच वर्षं सांगितलं गेलं. पुढे कळलं की हेच फ्री रॅडिकल शरीराला निरोपही देतात: ताण आला आहे, मायटोकॉन्ड्रिया वाढवा, पुढच्या वेळी तयार राहा. निरोप्यालाच दारात अडवलं तर?

२००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायामाबरोबर रोज १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं गेलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ती सुधारणा दिसली नाही. २०१४ मध्ये नॉर्वेत ५४ जणांवर ११ आठवडे असाच प्रयोग झाला. दम दोन्ही गटांचा सारखाच वाढला, पण गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित वाढ खुंटलेली आढळली.

हे निष्कर्ष मोठ्या डोसच्या गोळ्यांबद्दल आहेत, फळांबद्दल नाहीत. एका मध्यम संत्र्यात सुमारे ७० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं. १,००० मिलिग्रॅम म्हणजे रोज चौदा संत्री. तेव्हा दुपारचं संत्रं किंवा पेरू सोडायचं काहीच कारण नाही. पण फळाचा अर्क दहापट, वीसपट आटवून त्याची कॅप्सूल केली आणि ती वर्षभर रोज घेतली, तर आपण फळाच्या बाजूने कमी आणि गोळीच्या बाजूने जास्त सरकलेले असतो.

म्हणून क्रीडा आहारतज्ज्ञ सहसा वेळेचा भेद करतात. सरावाच्या महिन्यांत शरीराला बदलू द्यायचं असतं, तिथे सूज दाबण्यात शहाणपण नाही. पण आज शर्यत आणि परवा पुन्हा शर्यत, अशी अनेक टप्प्यांची सायकल स्पर्धा किंवा बाद फेऱ्यांची स्पर्धा असेल, तर तिथे लवकर सावरणं हेच काम असतं. अशा वेळी चार-पाच दिवस आधीपासून चेरीचा रस घेण्यात अर्थ आहे. वर्षातून एक मॅरेथॉन धावून दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाणाऱ्याला घाई फक्त जिन्याची असते.

घ्यायचाच असेल तर आणखी एक सूचना. शर्यत संपल्यावर बाटली उघडून फारसा उपयोग नाही. बहुतेक यशस्वी प्रयोगांत रस आधीपासून चालू होता. आणि पहिल्यांदा तो शर्यतीच्या सकाळी तर अजिबात पिऊ नका. चेरीत सॉर्बिटॉल असतं, काहींचं पोट त्याने बिघडतं, आणि पेडर रोडच्या चढावर ते कळणं फार वाईट.

पेनकिलरपेक्षा तर बरा ना?

हा युक्तिवाद मात्र मला पटतो. शर्यतीआधी 'सेफ्टीसाठी' आयबुप्रोफेनची गोळी घेणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. लांब धावताना शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त घटतं आणि ही गोळी तिथलाच उरलासुरला आधार काढून घेते. ८० किलोमीटरच्या अल्ट्रामॅरेथॉनवरच्या २०१७ च्या अभ्यासात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणांच्या मूत्रपिंडावर तात्पुरता तीव्र ताण आढळला, बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के. ८९ धावपटूंचा हा अभ्यास असल्याने फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही. पण त्याची दिशा काळजी करण्यासारखी आहे. गोळीच्या जागी कोणी चेरीचा रस पीत असेल, तर खुशाल प्यावा.

मात्र एका परिस्थितीत रस, सरबत, घरगुती उपाय सगळं बाजूला ठेवायचं. शर्यतीनंतर लघवी कोला किंवा काळ्या चहाच्या रंगाची झाली, स्नायू दुखण्यापलीकडे टणक सुजले, हातापायांतली ताकद गेली, तर हे साधं डॉम्स नाही. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते. त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. 'पाणी कमी पडलं असेल' म्हणत दिवस काढू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. गोंधळल्यासारखं होणं, सतत उलट्या, फेफरं ही लक्षणंही तशीच तातडीची. अति पाणी पिऊन सोडियम घसरल्यावरही ती दिसतात.

डबा हातात घेतल्यावर

मागची बाजू वाचा. भारतात हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलसाठी एफएसएसएआयचे २०१६ पासूनचे नियम आहेत. त्यानुसार डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना लागते. पुढे मोठ्या अक्षरांत दुखणं बरं करण्याचा दावा आणि मागे बारीक अक्षरांत ही सूचना असेल, तर डबा स्वतःच स्वतःला खोडतो आहे. रसांच्या बाबतीत जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने '१०० टक्के फळांचा रस' हा दावा लेबलवरून काढायला सांगितलं, कारण पाणी घालून पूर्ववत केलेल्या आटीव रसालाही तेच नाव दिलं जात होतं.

'मिक्स्ड बेरी ब्लेंड ५०० मिलिग्रॅम' असं लिहिलं असेल तर त्यात चेरी किती, हे कळत नाही. प्रयोगात लोकांनी दिवसाला अर्धा-पाऊण लिटर रस प्यायला होता. चिमूटभर पावडर म्हणजे तो डोस नव्हे. साखरही बघा: ग्लासभर चेरीच्या रसात साखर न घालताही सुमारे ३० ग्रॅम साखर असते. धावून आलेल्याला ती चालते, मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांच्या रसातलं पोटॅशियमही मोजावं लागतं. आणि ज्यांची डोपिंग चाचणी होते अशा खेळाडूंनी तटस्थ प्रयोगशाळेने तपासल्याचा शिक्का नसलेली पावडर घेऊच नये. भेसळीने बंदी आली तर 'फळाचीच होती' हे उत्तर चालत नाही.

बाकी सोमवारच्या पायऱ्यांसाठी जे लागतं ते बहुतेक घरात असतं. लवकर पुन्हा धावायचं असेल तर पहिल्या चार तासांत दर तासाला, दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि थोडी चिक्की. पुन्हा लगेच धावायचं नसेल तर एवढं मोजूनमापून खायची गरज नाही. दिवसभराच्या जेवणात साठा भरत येतो. फळातल्या फ्रुक्टोजचा इथे एक नेमका फायदा आहे. नुसत्या ग्लुकोजपेक्षा दोन्ही मिळून घेतल्यास यकृताचा साठा लवकर भरतो. त्याबरोबर अंडी, दही, पनीर किंवा डाळ यांतून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, मीठ असलेलं काहीतरी पेय, आणि रात्री पूर्ण झोप. दहीभात, मुगाची खिचडी, पोहे आणि उकडलेलं अंडं यांतलं काहीही चालेल. मंगळवारी थोडं चालून या. बुधवारपर्यंत जिना आडवं न होता उतरता येतो, रस प्यायला असो वा नसो.